दाजींचा घाव

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. बायको आजारी होती त्या शेवटच्या महिन्यात तिच्या उशाशी बसून मी तिला जन्माचं सगळं सांगितलं, अगदी लहानपणी चोरलेल्या कैऱ्यांपासून. पण ह्या एका गोष्टीपाशी आलो की मी उठून पाणी प्यायला जायचो. आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सांगायची तर सोयच नव्हती, कारण ही गोष्ट तिच्याच नवऱ्याची आहे. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या डोळ्यांत बघायची वेळ माझ्यावर येणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय — आता ह्याला धाडस म्हणायचं का? मी तरी म्हणत नाही.

खालापूरजवळ, कुंभिवलीला, हमरस्त्याच्या कडेला माझं गॅरेज. हल्ली मुलगा बघतो. त्या रस्त्याने जाणारे ट्रकवाले, टेंपोवाले एक गोष्ट नेहमी म्हणायचे — रघू मेस्त्रीने आवळलेला नट सुटत नाही. तोंडावर म्हणायचे, आणि मी मान खाली घालून हसायचो. त्यांना वाटायचं, मेस्त्री मोठा विनयाचा माणूस. विनय कसला! ते कौतुक माझं नव्हतंच. ते मी एका माणसाच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि तो माणूस तेव्हा माझ्यासमोर उभा होता.

तो माणूस म्हणजे दाजी. आक्काचा नवरा.

दाजी आधी खोपोलीला एका मिलमध्ये फिटर होते. तिथे एका दुपारी यंत्रात हात गेला आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. नंतर ते दहिवलीला भाऊसाहेबांच्या भातगिरणीत इंजिनावर लागले. तीन बोटांनी जे काम करायचे ते मला आजही दहा बोटांनी जमत नाही. इंजिनाला नुसता तळहात लावून सांगायचे, कुठला वॉल्व्ह रुसलाय. मला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं. कर्जतच्या एका गॅरेजात मी कामाला लागलो तोही त्यांच्याच शब्दावर, आणि आमचं दोघांचं ठरलेलं होतं — पुढेमागे स्वतःचं गॅरेज काढायचं. पाटीवर दोघांची नावं. दाजींचं वर, माझं खाली. ती पाटी मी मनातल्या मनात कितीदा रंगवली असेल!

त्यांची एक रीत होती, मिलमधून आणलेली. काम कुणीही करो, शेवटचा घाव थोरल्याचा. म्हणजे बाकीच्यांनी सगळं जोडायचं, आवळायचं, आणि मग जो जाणता असेल त्याने येऊन शेवटचा एक हात मारायचा. तो मारला की काम त्याच्या नावावर. पुढे काही बिघडलं तर त्याने म्हणायचं, माझं चुकलं. खालच्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही. किती चांगली रीत, नाही? मी तिचं काय केलं ते ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाऊसाहेबांच्या गिरणीमागे एक लांबट गोदाम होतं आणि त्यात भाताच्या तुसाचा डोंगर. त्या तुसात एक गाडी पुरलेली होती. पुरलेलीच म्हणायची — नुसतं नाक बाहेर. विलायती, दोन माणसांची, छप्पर नसलेली, तारांच्या चाकांची. खंडाळ्याकडचा कुणी साहेब स्वातंत्र्यानंतर मायदेशी निघाला तेव्हा भाऊसाहेबांनी ती घेतली होती, ऐन तारुण्यातल्या हौसेनं. कळंबहून वहिनींना लग्न करून आणलं ते ह्याच गाडीतून. मग तिच्यात काहीतरी मोडलं, सुटे भाग मिळेनात, आणि ती गोदामात गेली. वर्षानुवर्षं तिच्यावर तूस साठत राहिलं. पोरं तिला बेडकी म्हणायची.

एके दिवशी वहिनी सहज बोलून गेल्या, पुन्हा एकदा त्या गाडीतून माहेरी जावंसं वाटतं. भाऊसाहेबांनी दाजींना बोलावलं. दाजींनी मला.

आम्ही तूस उपसलं त्या सकाळचं सांगू? वरच्या कौलातून उन्हाचे पट्टे येत होते आणि त्यांत तुसाची पिवळी धूळ नुसती तरंगत होती, खाली बसायलाच तयार नव्हती. त्या धुळीतून हळूहळू चाकावरचा एक हिरवा पंखा, म्हणजे मडगार्ड, वर आला. मग दिव्याचं भिंग. मग चाक. तुसानं तिला कोरडी ठेवली होती — लोखंड जवळजवळ कोरं, बैठकीत मात्र उंदरांचे संसार. दाजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "झोपलीय रं नुसती." त्या दिवसापासून आम्ही दोघं हळू आवाजात बोलायला लागलो. खरंच सांगतो, दोन वर्षं आम्ही त्या गोदामात कधी ओरडून बोललो नाही. त्या दोन वर्षांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी तासदोन तास, एवढंच काम चालायचं. खोलायलाच सगळा उन्हाळा गेला. दाजींची खोलण्याची पद्धत अशी — गोदामाच्या मोकळ्या अर्ध्या भागात त्यांनी गोणपाटं अंथरली आणि जो भाग गाडीत जिथे होता तिथेच गोणपाटावर मांडला. नाक दाराकडे. डावीकडचे भाग खिडक्यांच्या ओळीला, उजवीकडचे तुसाच्या बाजूला. नटबोल्ट त्या त्या भागाशेजारी फडक्याच्या पुरचुंडीत. लिहायची गरजच नाही. उंबऱ्यात उभं राहिलं की जमिनीवर सबंध गाडी पसरलेली दिसायची. मी कधी कधी उगाच तिथे उभा राहायचो.

कामाची वाटणी साधी होती. दाजी म्हणाले, "इंजिन माझं, चाकं तुझी."

त्या चाकांची एक गंमत होती. ती नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. आपल्या गाड्यांना चाकाला चार-पाच नट असतात. हिला मधोमध एकच, दोन कानांचा मोठा नट. त्या कानावर हातोडीनं मारायचं की नट फिरतो. नटावर एक बाण कोरलेला आणि इंग्रजीत एक शब्द. भाऊसाहेबांनी वाचून सांगितलं — सोडायचं असेल तर ह्या दिशेनं. मी बाण वर आणून पाहिला तर टोक गाडीच्या नाकाकडे. पलीकडच्या बाजूला गेलो, तिथेही नाकाकडेच. म्हणजे एका बाजूचे आटे सरळ, दुसऱ्या बाजूचे उलटे! विचार केला तेव्हा कळलं, गाडी पुढे पळेल तसा नट आपोआप आवळत जावा म्हणून ही युक्ती. मला इतका आनंद झाला की मी धावत दाजींकडे गेलो. ते इंजिनात डोकं घालून बसले होते. माझं पुरतं न ऐकताच म्हणाले, "तुजी चाकं हायत ना? तू ध्यानात ठेव म्हंजे झालं."

मी ध्यानात ठेवलं होतं. हे तुम्हीही लक्षात असू द्या.

लोखंडी हातोडीनं त्या कानांना खाचा पडल्या असत्या. म्हणून दाजींनी तांब्याचा हातोडा करवला. आक्काची एक तांब्याची कळशी होती, तळाशी गळणारी. ती दिली कल्याणला ओतकामवाल्याकडे, आणि आला एक गोळा, त्याला बाभळीचा दांडा. आक्का म्हणाली, "माज्या आयनं दिलेली कळशी, आन् ह्यांनी तिचं हातोडं केलं." पण म्हणताना हसत होती. तांब्याचा आवाज लोखंडासारखा कर्कश नसतो. ठप्प — असा मऊ येतो, दाराआडून आल्यासारखा.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी गाडी भागाभागांनी जमिनीवर पसरलेली होती आणि वहिनी म्हणाल्या, तिचीही पूजा करायची. हळद-कुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "अरे रघू, हिचं तोंड तर मावळतीला! पूर्वेला नको का?" दाजी त्या दिवशी गावी गेले होते, घटाला. गोदामात मी एकटा. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही चहा घ्या, तोवर फिरवतो.

आणि मी फिरवली. नाकाकडचं गोणपाट उचललं, ओढत पार आतल्या टोकाला नेलं. मागचं होतं ते दाराकडे आणलं. पण खिडकीकडचं खिडकीकडेच राहू दिलं आणि तुसाकडचं तुसाकडेच! तुम्हाला एव्हाना कळलं असेल. माणूस पाठ फिरवतो तेव्हा त्याचा डावा हातही दुसऱ्या बाजूला जातो. मी नाक तेवढं फिरवलं, हात होते तिथेच ठेवले. वहिनींनी पूजा केली, प्रत्येक भागाला बोट लावलं, झेंडू वाहिला. सगळं गोदाम पिवळं झालं होतं, वर धूळ, खाली फुलं. मला ते इतकं सुंदर वाटलं की माझं लक्षच गेलं नाही.

पंखे, दिवे, दारं — ज्यांचा आकारच डावा-उजवा सांगतो — ते पुढे जोडताना आपोआप जागेवर आले. पण चाक ज्यावर बसतं तो हब? चारही दिसायला एकसारखे. मी खिडकीकडचे उजवीकडे बसवले, तुसाकडचे डावीकडे. नट ज्या हबवर बसला त्यावर बसवला.

इथवरची चूक मी माफ करण्यासारखी समजतो. कुणाच्याही हातून होईल. ती सांगायला मी बसलो नाही.

दुसऱ्या वर्षीचा दसरा. टायर मुंबईहून आदल्या संध्याकाळी आले, म्हणून चाकं सकाळीच चढवायची होती. गाडी गिरणीच्या अंगणात उभी, शेवाळी हिरवा रंग, नाकावर आंब्याचं तोरण. दहिवलीतलं अर्धं गाव आलेलं. वहिनी लग्नातला शालू नेसून ओटीवर बसलेल्या, हातात माहेरी न्यायची पिशवी. दाजींनी सकाळी इंजिन चालू केलं होतं आणि ते असं काही गुरगुरलं की भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी दाजींना विचारलं, "चाकं बघितली का?" दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "रघूनं जोडलीत. मला बघायची गरज नाय."

जन्मात पहिल्यांदा ते असं बोलले. माझी छाती अशी फुगली — मी हातोडा घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी बसलो आणि कानावर मारलं. नट आवळला. आणि माझा हात थबकला.

मी नाकाकडे मारत होतो.

खोलताना नाकाकडे मारलं होतं. आवळताना शेपटाकडे मारायला हवं. मी बाण वर आणून पाहिला. टोक शेपटाकडे. उठलो, पलीकडे गेलो, जणू कौतुकानं फेरी मारतोय. तिथेही शेपटाकडे. एका क्षणात मला सगळं दिसलं — खंडेनवमी, गोणपाटं, खिडकी, तूस. आणि हेही कळलं की आता गाडी जशी पळेल तसा प्रत्येक नट सुटत जाणार.

मला माहीत होतं. हेच ते. एवढ्यासाठीच इतका फिरून आलो. चाक निखळलं तेव्हा मला कळलं असं नाही — गाडी अंगणात उभी होती, नारळ फुटायचा होता, तेव्हाच मला माहीत होतं.

बोललो का नाही? चारही हब काढून बदलायचे म्हणजे दोन दिवस. वहिनींना नेसलेला शालू उतरवावा लागला असता. गाव हसलं असतं. दाजी नुकतेच म्हणाले होते, बघायची गरज नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय काय आलं ते फक्त सांगतो. आणि मी स्वतःला म्हटलं, घट्ट आवळू, कळंब काही लांब नाही, हळू गेले तर पोचतील, उद्या गुपचूप बदलून टाकू. किती पटकन सुचतं हो माणसाला!

मग मी दाजींना हाक मारली. शेवटचा घाव.

ते आले. पंचा खांद्यावर टाकला, हातोडा तीन बोटांत धरला. मी बोटानं कान दाखवला — "इकडनं मारा, दाजी." त्यांनी दिशा विचारली नाही. ठप्प. दुसरं चाक. ठप्प. प्रत्येक चाकाशी मी कान दाखवायचो आणि ते मारायचे. चार चाकं म्हणजे चार वेळा मला तोंड उघडता आलं असतं. चौथ्यानंतर त्यांनी हातोडा कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

भाऊसाहेब आणि वहिनी पुढे, मागे गिरणीच्या टेंपोत मी आणि दाजी. टेंपो मी चालवत होतो. काय दिवस होता! भात पिकायला आलेलं, दोन्ही बाजूंनी सोनेरी, आणि त्या सोन्यातून ती हिरवी गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चाललेली. वहिनींचा पदर वाऱ्यावर. गावोगाव लोक बांधावर येऊन बघायचे. दाजींनी गुडघ्यावर तीन बोटांनी इंजिनाचा ताल धरला होता. मी पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होतो. कडाव आलं, गेलं. मला वाटायला लागलं, पोचतो आपण. मला वाटायला लागलं, कदाचित माझंच चुकलं असेल, बाण बरोबर असतील.

मग चाक निघालं.

ते मोडून पडलं वगैरे नाही. ते नुसतं गाडीतून बाहेर आलं आणि गाडीच्या पुढे धावायला लागलं. भाऊसाहेबांना वाटलं असेल, हे कुणाचं चाक? काही क्षण गाडी तीन चाकांवर तशीच चालत राहिली आणि चौथं पुढे, आपल्याच नादात. रस्ता वळला, ते वळलं नाही. बांधावरून उडालं, भातात शिरलं. भात दोन्हीकडे बाजूला होत गेलं आणि त्यातून एक सरळ रेघ लांबवर गेली. मला अजून ते स्वप्नात दिसतं, आणि स्वप्नात ते कधीच पडत नाही. भातातून जातच राहतं.

मग गाडीचा डावा कोपरा खाली बसला आणि लोखंड रस्त्यावर घासल्याचा आवाज आला.

वहिनींचा डावा हात दारावर होता. मनगट मोडलं. त्या नुसत्या हाताकडे बघत बसल्या. पुढे ते जुळलं, पण जरा वाकडंच. त्या हातात त्यांना पुन्हा घट्ट बांगड्या घालता आल्या नाहीत.

मी धावत मागे गेलो. नट रस्त्याच्या कडेला गवतात पडला होता. उचलला आणि खिशात घातला. कुणी बघायच्या आत. वळून पाहिलं तर दाजी रस्त्याच्या मधोमध उभे. आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"शेवटचा घाव माजा व्हता," ते म्हणाले. "कमी पडला."

भाऊसाहेब म्हणाले, "मेस्त्री, माणसाचा हात आहे. होतं." वहिनी तशा कळांमध्येही दाजींना म्हणाल्या, "दादा, मनाला लावून घेऊ नका." सगळे किती चांगले वागले! एकानं जरी आरडाओरडा केला असता, एकानं जरी म्हटलं असतं, नट दाखवा, चला, बघू — तर? पण कुणी विचारलं नाही. रीतच तशी होती ना. शेवटचा घाव ज्याचा, काम त्याचं. माझ्या खिशात नट होता. तो मांडीला लागत होता. मी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. हो, मीच.

गाडी पुन्हा गोदामात आली. मी म्हटलं, एकटाच दुरुस्त करतो. दार आतून लावून घेतलं आणि चारही हब आपापल्या बाजूला नेले. बाण नाकाकडे आले. संक्रांतीला भाऊसाहेब-वहिनी कळंबला गेले आणि सुखरूप परत आले. त्या वेळी शेवटचा घाव मी मारला होता. दाजी आलेच नाहीत अंगणात. गाव म्हणालं, बघा, रघूनं ठोकलं की सुटत नाही.

भाऊसाहेबांच्या ओळखीनं मला कुंभिवलीला जागा मिळाली. पाटी रंगवायच्या आधी मी दहिवलीला गेलो, दाजींना विचारायला. विचारायला तरी कशाला गेलो? ते म्हणाले, "माजं नाव नको टाकू रं. तुज्या नावाला बट्टा लागंल." आत गेले आणि तांब्याचा हातोडा आणून माझ्या हातात दिला. "तुज्याकडं ठेव. माज्या हाताचं काय खरं नाय आता." मी तो घेतला.

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. गिरणीच्या इंजिनावर दुसरा माणूस आला, दाजी फाटकावर बसू लागले. तेव्हा त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती.

एकदाच त्यांनी मला विचारलं. दहा-बारा वर्षांनी असेल. उन्हाळ्याची दुपार, आम्ही दोघं त्यांच्या ओटीवर वाल सोलत बसलो होतो, आक्का आत. ते मान वर न करता म्हणाले, "रघू, तू तवा जवळ बसला व्हतास. माजा घाव खरंच कमी पडला व्हता का रं?"

इतकी वर्षं हा माणूस ते चार घाव मनात पुन्हा पुन्हा मारून बघत होता. आणि त्याला कुठेतरी वाटत होतं की ते बरोबर होते. मला फक्त नाही म्हणायचं होतं. एक शब्द.

मी म्हणालो, "जाऊ द्या, दाजी. बोटं नव्हती ना तुमची."

त्यांनी मान हलवली. "तेच म्हनतो मी," म्हणाले, आणि पुढची शेंग उचलली.

त्यानंतर दोन पावसाळे काढून ते गेले. दिवसकार्य झाल्यावर आक्का मला त्यांच्या गमती सांगत होती, रडत रडत हसत होती. म्हणाली, "रोज दाराची कडी सोता लावायचे, आन् मग मला हाक मारायचे — ये गं, बघ जरा, नीट बसलीय का. मी म्हनायची, अवो, तुमीच लावलीत ना? तर म्हनायचे, म्हनून तर." आक्काला ती त्यांची खोड वाटत होती.

आक्का अजून आहे. दहिवलीला त्याच घरात राहते. हातोडा माझ्याकडे आहे, पलंगाखाली. दांडा दोनदा बदलला, तांबं तेच.

हब मी उलटे बसवले होते. बाण मी पाहिले होते. नट माझ्या खिशात होता.

दाजींचा घाव कमी पडला नव्हता.